तुतीच्या काड्यांचा कागद: जपानच्या मिनो शहराची पद्धत आपल्या अंगणात

रेशीम शेती करणाऱ्या कोणाच्याही शेडमागं जाऊन पाहा, तुतीच्या उघड्या काड्यांचा ढीग पडलेला असतेच. अळ्या पाला खातात, काडी उरते, मग ती चुलीत जाते नाहीतर धुऱ्यावर सडते. त्या काडीच्या सालीत जो धागा आहे त्याचा कागद होतो राजेहो, आणि असातसा नाही, इतका पातळ की मागं दिवा धरला की उजेड आरपार येते, आणि तरी ओढला तर सहजी फाटत नाही. जपानमध्ये मिनो नावाचं एक छोटं शहर आहे, तिथं असा कागद तेराशे वर्षांपासून बनून राहिला. त्यांची रीत मी इथं आपल्या सामानात सांगतो, म्हणजे घरचा गंज (मोठं पातेलं), सुताराकडची चौकट, बुरडाकडची चिक (बांबूच्या बारीक काड्यांची चटई) आणि वावरातली भेंडी. मशीन एकही लागत नाही.

आधी मिनोबद्दल थोडं, कारण पुढच्या पायऱ्या तशा का आहेत ते त्यातूनच कळते. मिनो हे गिफू प्रांतातलं शहर, लोकसंख्या वीस हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. नागारा नदी आणि तिला मिळणारी इतादोरी, दोन्हीचं पाणी स्वच्छ, आणि भोवती डोंगर. नारा इथल्या शोसोइन नावाच्या जुन्या कोठारात इ.स. ७०२ च्या कुटुंब-नोंदीचे कागद आजही जपून ठेवलेले आहेत, त्यातले काही याच मिनो प्रांतातले. पुढं १६०० नंतर कानामोरी नागाचिका नावाच्या सरदारानं इथं नदीकाठी व्यापारी पेठ वसवली, कागद नावेत चढून खाली जायचा, आणि पेठेतले कागदाचे व्यापारी इतके सुखवस्तू झाले की घराच्या छपराच्या दोन्ही टोकांना शेजारची आग इकडं येऊ नये म्हणून उंच भिंती बांधायचे, आणि जेवढी भिंत देखणी तेवढं घर मोठं असं मानायचे. त्या भिंतींच्या घरांची अख्खी आळी अजून उभी आहे. एके काळी भोवतालच्या खेड्यांत हजारो घरं कागद करायची, आता थोडीच राहिली, पण जी राहिली त्यांनी काम सोडलं नाही. १९६९ मध्ये तिथल्या 'होन-मिनोशी' या अस्सल कागदाला जपान सरकारनं राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत जपानी हातकागदाची कला आली त्यात मिनोचं नाव आहे.

हा कागद ज्या झाडापासून होतो त्याचं नाव कोझो. ते तुतीच्याच कुळातलं, ज्या कुळात आपले वड, उंबर आणि फणसही येतात. म्हणून तुतीची साल चालते. अगदी तसाच होईल का, तर नाही, कोझोचा धागा जास्त लांब आणि चिवट, खुद्द मिनोचे कारागीर त्यांच्या सगळ्यात चांगल्या कागदासाठी साल दूरच्या इबाराकी प्रांतातून मागवतात, इतका फरक पडते मालाचा. त्यामुळं आपण जो करू तो तुतीचा कागद, विदर्भाचा कागद. कोणी विकायला काढला तर त्यावर मिनोचं नाव टाकू नका, ते नाव त्यांच्या कष्टाचं आहे.

आपल्याकडं हातकागद नवीन नाही बरं. जुन्नरचा कागद होता, दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, आणि आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हा गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीत जे उद्योग उभे राहिले त्यात हातकागद पण होता. फक्त आपल्याकडचा आजचा हातकागद बहुतेक सुती चिंध्यांचा असतो, चिंध्या कुटून-कुटून धागा आखूड होते आणि कागद जाडसर निघते. मिनोच्या रीतीत धागा लांबच ठेवायचा असतो. सगळी कसरत त्याचीच आहे.

आता हंगाम. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा, पोळ्याच्या किंवा उन्हाळ्याच्या नादी लागू नका. कारण पुढं भेंडीचं बुळबुळीत पाणी लागणार आहे आणि ते उन्हात गरम झालं की पातळ होऊन जाते, मग काहीच जमत नाही. मिनोतले लोकसुद्धा थंडीतला कागद सगळ्यात चांगला मानतात याच कारणानं. आपल्याकडं थंडीत सकाळी सहा ते दहा ही वेळ सोन्यासारखी आहे, हात गारठतात, पण कागद बसते.

काड्या घेताना ताज्या घ्या, अंगठ्याएवढ्या किंवा करंगळीएवढ्या, फार जून नको. शेडमधल्या असतील तर आधी स्वच्छ धुवा कारण त्यावर विष्ठा आणि निर्जंतुकीकरणाची पावडर असते. हात-दीड हाताचे तुकडे करून जुडी बांधा, मोठ्या गंजात तळाशी चार बोटं पाणी, वर जुडी उभी, आणि वरून दुसरा गंज पालथा घालून कडेला ओली चिंधी लावून वाफ कोंडा. दीड-दोन तास चांगली वाफ द्या. झालं की नाही हे काडीच्या टोकाकडं पाहिलं की कळते, साल आखडून मागं सरकते आणि आतलं पांढरं लाकूड उघडं पडते. गरम असतानाच सोला, थंड पाणी शिंपडत शिंपडत, नाहीतर हात भाजतील. साल एका ओढीत लांबच्या लांब येते. उरलेलं सोललेलं लाकूड वाळवून चुलीला वापरा, मस्त जळते.

सालीला बाहेरून काळपट-हिरवी पापडी असते. ती सुरीच्या बोथट बाजूनं पाटावर ठेवून खरवडून काढायची, आत पांढरी साल उरते, तिचाच कागद. काड्यांचा डोंगर घेतला तरी पांढरी साल मूठभरच निघते असं वाटेल, तसंच असते, कोझोतही शंभर किलो काडीमागं कागद चार-पाच किलोच्या पुढं जात नाही. ही पांढरी साल वाळवून ठेवली तर वर्षभर टिकते, म्हणून जानेवारीची वाट न पाहता प्रत्येक बॅचनंतर थोडी थोडी साल काढून दोरीवर वाळवून ठेवत जा.

ज्यांच्याकडं तुती नाही त्यांनी अंबाडीचा वाख घ्यावा. पोळ्याला बैलांची दोरं वळायला जो वाख काढतो तोच. त्याचा सुटा धागा आखूड असते आणि जुडग्यात चिकटलेला असते, म्हणून त्याला बोटभर तुकड्यांत कापावं लागते, जास्त शिजवावं लागते आणि जास्त कुटावं लागते. कागद थोडा खरखरीत आणि पिवळसर येईल, कंदिलाला तो रंग उलट छान दिसते.

आता शिजवणं. एक किलो वाळलेली साल रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी स्टीलच्या गंजात पंधरा लिटरभर पाणी, त्यात दीडशे ते दोनशे ग्राम धुण्याचा सोडा विरघळवा, किराण्यात मिळते तोच. खाण्याचा सोडा नको, कॉस्टिक तर अजिबात नको, त्यानं धागा मरते आणि डोळ्यात उडालं तर आयुष्याचं नुकसान. ॲल्युमिनियमचं भांडं पण वापरू नका, सोडा त्याला खाते. लोखंडी कढईनं डाग पडतात. सोडा नको असेल तर चुलीची राख पाण्यात ढवळून, रात्रभर निवू देऊन वरचं निवळ पाणी घ्या, जुन्या काळी सगळीकडं तसंच करायचे, फक्त अंदाज बसायला वेळ लागते. उकळी आल्यावर साल टाका आणि मंद आचेवर दोन-तीन तास ठेवा, अधूनमधून खालवर करा. एक पट्टी काढून आडवी ताणा, जाळीसारखी उघडली आणि दोन बोटांत सहज तुटली तर झालं. नाही तुटली तर अजून अर्धा तास. हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा. उरलेलं तपकिरी पाणी नाल्यात सोडू नका, भरपूर साधं पाणी मिसळून शोषखड्ड्यात टाका.

शिजल्यावर साल धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिनोत पूर्वी साल वाहत्या नदीत ठेवायचे, उन्हानं आणि पाण्यानं ती हळूहळू उजळायची. आपल्या नाल्याला डिसेंबरात कुठं तेवढं पाणी, म्हणून टाकीत किंवा टबात ठेवून दिवसातून दोनदा पाणी बदला, दोन-तीन दिवस, ऊन लागेल अशा जागी. ब्लिचिंग पावडर टाकायचा मोह होईल, नका टाकू, आज पांढरं दिसेल आणि दोन वर्षांनी कागद तुकडे होऊन पडेल. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तांबूस ठिपके येतात, त्यापेक्षा विहिरीचं पाणी कापडातून गाळून घ्या.

आणि आता ते काम ज्यावर सगळं उभं आहे. निवडणं. प्रत्येक धागा पाण्यात धरून त्यातली काळी टिकली, सालीचा कण, डोळ्याची गाठ, कडक राहिलेला तुकडा बोटानं काढायचा. मिनोत कारागीर थंडीतही पाण्यावर वाकून तासनतास हेच करत बसतात, एकदा झालं की परत दुसऱ्यांदा करतात, आणि कागद उचलण्याचं काम जे सगळे फोटोत पाहतात ते यापुढं थोडक्या वेळाचं आहे. लोकांना वाटते कागद म्हणजे टबातून जाळी उचलणं, मी तर म्हणतो कागद टबात जायच्या आधीच झालेला असते किंवा बिघडलेला असते. इथं एक कण सुटला तर तो कागदाच्या मधोमध ठिपका होऊन बसते आणि त्या जागी कागद फाटते. आमच्याकडं शेजारच्या काकू बसल्या होत्या मदतीला, आयुष्यभर तांदूळ निवडलेले हात, त्या बोलत बोलत जेवढं निवडायच्या तेवढं आम्हा तिघा पोरांना मिळून जमत नव्हतं. "हे कायले एवढं बारीक पाहता बाप्पा" म्हणत सुरू केलं आणि शेवटी त्याच आम्हाला राहिलेले कण दाखवत होत्या. तर एकट्यानं करू नका. पांढऱ्या तळाच्या घमेल्यात किंवा ताटात पाणी घ्या म्हणजे कण दिसतात, दुपारच्या उजेडात बसा, दोन-चार जणी-जण गोळा करा, चहा ठेवा. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नका.

निवडून झालं की पिळून गोळे करा आणि कुटा. मिनोच्या लाकडी हातोड्याच्या तोंडावर शेवंतीच्या फुलासारख्या खाचा कोरलेल्या असतात, त्यानं धागा तुटत नाही, सुटा होते. आपल्याला धुण्याची मोगरी आणि गुळगुळीत फरशी पुरे. गोळा पसरवा, एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत चोपत जा, घडी घाला, परत चोपा, अर्धा-पाऊण तास. मिक्सर वापरू नका, पातं धागा कापते आणि आत्तापर्यंतची मेहनत वाया. झालं का पाहायला काचेच्या बाटलीत पाणी भरून चिमूटभर लगदा टाका, हलवा आणि उजेडात धरा. धागे वेगवेगळे तरंगले तर बरोबर, गुठळ्या दिसल्या तर अजून चोपा.

भेंडीकडं येऊ. जपानमध्ये तोरोरो-आओई नावाचं झुडूप लावतात, त्याच्या मुळाचं बुळबुळीत पाणी टबात घालतात. ते झुडूप आपल्या भेंडीचं सख्खं नातलग आहे, दोघंही एकाच वंशातले. वावरात भेंडीचं पीक संपलं की झाडं उपटून फेकतो ना, त्यांची मुळं आणि खालचं खोड धुऊन, ठेचून, थंड पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी मलमलच्या कापडातून गाळा. मुळं नसतील तर जून भेंड्या चिरून टाका, त्याही चालतात. एक गोष्ट नीट समजून घ्या, हे पाणी डिंक नाही, कागद चिकटवायला नाही. याचं काम एवढंच की धागे पाण्यात तरंगत राहावे, एकमेकांत गुंतू नये, आणि जाळीतून पाणी हळू झिरपावं म्हणजे तुम्हाला चौकट हलवायला वेळ मिळेल. हे पाणी त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी ते उतरते.

टब म्हणून प्लास्टिक कूलरचा खालचा भाग एकदम मापाचा आहे, थंडीत कूलर रिकामाच असते. लोखंडी कूलर नको, गंज उतरेल. चाळीस लिटर पाण्याला दीडशे-दोनशे ग्राम कोरड्या सालीचा लगदा, बांबूच्या काठीनं पुढं-मागं ढवळा, गोल फिरवू नका नाहीतर धाग्यांच्या दोऱ्या वळतात. मग भेंडीचं पाणी थोडं थोडं टाकत जा, हातात घेऊन सोडलं की तार धरून पडलं पाहिजे.

चौकट सुताराकडून करून घ्या, दोन सारख्या, बिजागरीनं जोडलेल्या, आतून फूटभर लांब आणि पाऊण फूट रुंद, सुरुवातीला यापेक्षा मोठी नको. मधे जाळी. मिनोत बांबूच्या अगदी बारीक काड्या रेशमाच्या धाग्यानं विणून चटई करतात आणि ती चौकटीतून सुटी निघते. आपल्या बुरडकाकांना नमुना दाखवला तर बारीक कामाची चिक ते करून देतील, पण पहिल्या वर्षी खिडकीची बारीक नायलॉन जाळी चालेल, फक्त ती ताणून ठोकू नका, सुटी ठेवा, दोन चौकटींच्या मधे दाबून धरायची.

उचलायची पद्धत अशी. पहिली खेप थोडं पाणी घ्या आणि झटकन जाळीवरून पलीकडं सोडा, त्यानं तळाचा गुळगुळीत थर बसते. दुसरी खेप जास्त घ्या आणि चौकट पुढं-मागं हलवा, मग डावी-उजवीकडं. मिनोच्या कागदाची खरी ओळख हीच आहे, दोन्ही दिशांनी हलवल्यामुळं धागे उभे-आडवे एकमेकांत बसतात आणि कागद कुठूनही सारखाच मजबूत आणि सारखाच पातळ निघते. घाईघाईनं नाही, लयीत, पाळणा हलवतो तसं. अजून एक-दोन खेपा, आणि शेवटी उरलेलं पाणी एका झटक्यात टबात परत टाका. पहिले कागद एका बाजूला जाड येतील, ते परत टबात विरघळवा, लगदा वाया जात नाही.

चौकट उघडा, जाळी उचला, फळीवर ओलं सुती कापड अंथरून त्यावर कागदाची बाजू खाली करून लावा, आणि एका कडेनं जाळी सोलून घ्या. पुढचा कागद थेट त्याच्यावरच, मधे कापड नको. ओल्यावर ओलं ठेवलं तर चिकटणार नाही का, असं सगळे विचारतात. नाही चिकटत, भेंडीच्या पाण्यामुळं आणि लांब धाग्यामुळं नंतर एकेक सुटते. प्रत्येक कागदाच्या एका कडेला एक दोरा ठेवत जा, सोलताना तो ओढला की कड उचलली जाते.

थप्पी झाली की वर कापड आणि फळी. पहिली रात्र नुसतंच निथळू द्या. सकाळी दोन विटा, तासानं चार, मग दगड, आणि शेवटी ट्रॅक्टरचा जॅक असेल तर पक्क्या चौकटीत तो हळूहळू चढवा. एकदम दाब दिला तर कागद मधून फुटतात.

वाळवायला मिनोत गुळगुळीत लाकडी फळ्या असतात, कागद त्यावर ब्रशनं चिकटवून उन्हात उभ्या करतात. आपण सनमायकाची फळी किंवा जुन्या खिडकीची काच घेऊ, सागवानाची कच्ची फळी नको, रंग उतरते. रंगाच्या रुंद मऊ ब्रशनं मधून कडेकडं हात फिरवत हवा काढा. जानेवारीच्या उन्हात तास-दोन तासात कागद वाळून कड सोडू लागते. वाळल्यावर एकेक कागद उजेडात धरून पाहा, ठिपकेवाले वेगळे, पातळ-जाड वेगळे. मिनोतही असंच पाहून कागद निवडतात आणि मगच तो घराबाहेर जाते.

कागदाचं काय करायचं? मिनोत १९९४ पासून दर शरदात कागदी दिव्यांचं प्रदर्शन भरते, संध्याकाळी त्या जुन्या पेठेत रस्त्याच्या दोन्ही कडेनं दिवे मांडतात. आपल्याकडं आकाशकंदील आहेच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मैद्याची पातळ खळ, आत एलईडीचा बल्ब, मेणबत्ती किंवा साधा पिवळा बल्ब नको. जिथं दोन कागद एकमेकांवर येतात तिथं गडद पट्टा दिसते, तो मुद्दाम नक्षीत बसवा. बाजारातल्या प्लास्टिकच्या चांदण्यांपेक्षा गावात अशी चार घरं जरी उजळली तरी मला त्याचं मोल जास्त वाटते.

पाण्यापासून वाचवायचा असेल तर जवसाचं तेल. गिफूच्या कागदी छत्र्यांना जवसाचं तेल लावतात, ते हवेत वाळून कागदावर पापुद्रा धरते, आणि आपल्या भागात जवस काय कमी आहे का. चिंधीनं अगदी पातळ हात द्या आणि आठवडाभर सावलीत टांगा. पण ती तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी वाळताना आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर अंगणात उघडी पसरवून वाळवा.

कागद आणि उरलेली साल दोन्ही पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नका, बुरशी धरते. पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवा आणि एखादा उघाडीचा दिवस पाहून ऊन दाखवा. भेंडीचं थोडं बी मात्र जुलैतच वेगळं लावा, भाजीसाठी तोडायचं नाही असं ठरवून, म्हणजे डिसेंबरात जाड मुळं हाताशी असतील.